तान्हाक्काची तोफ

फार वर्षांपूर्वी, आपल्या या नदीला पूल नव्हता आणि माणसं उतारावरच्या कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे जात, तेव्हा अलीकडच्या काठावर, आपल्या खैरवाटेत, तान्हाक्का नावाची एक वैदीण राहत होती. अलीकडचा काठ हिरडगडच्या राजाचा आणि पलीकडचा तळकोटच्या राजाचा. तापाला मात्र ही हद्द ठाऊक नव्हती. तो दर भादव्यात यायचा आणि दोन्ही काठांवर सारखाच फिरायचा.

तान्हाक्काकडे तांब्याची एक काहील होती. इतकी मोठी की तीत बैल बसला असता, असं म्हणतात. दोन्ही काठांवरच्या गावांनी घराघरातून एकेक भांडं देऊन ती कधीकाळी घडवून घेतली होती. भादवा लागला की अक्का तीत गुळवेल, काडेचिराईत आणि सुंठ उकळायची. गुराखी असो की राजपुत्र, प्रत्येकाला वाटी एकच मिळायची. पहिली वाटी जो सगळ्यात जास्त आजारी त्याची. आलेल्याला ती 'कुठला तू' असं कधी विचारत नसे. 'ताप कधीपासून आहे' एवढंच विचारायची. तिची एकुलती एक लेक गौरा पलीकडच्या काठावर दिलेली होती, आणि तिथल्या आजाऱ्यांसाठी काढ्याच्या घागरी गौराच घेऊन जायची.

आता लढाई कशी लागली ते ऐका. हसू आलं तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसायला जागा नाही.

उतारावर दरवर्षी जत्रा भरायची. मानाचा पहिला नारळ एका वर्षी हिरडगडचा, पुढच्या वर्षी तळकोटचा. एका वर्षी नदीला असा पूर आला की जत्राच भरली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दोन्ही राजे म्हणाले, यंदाची पाळी आमची. ओढाओढीत नारळ पाण्यात पडला आणि वाहून गेला. झालं. हिरडगडाने तळकोटच्या लग्नात आहेर पाठवला नाही. तळकोटाने मिठाच्या गाड्या अडवल्या. मग यांनी उतारावर चौकी बसवली, आणि यांनी बसवली म्हणून त्यांनीही बसवली. रोज दरबार भरायचा आणि दोन्हीकडे बोलणं एकाच वाक्याने सुरू व्हायचं, 'आम्हाला लढाई नकोच आहे, पण'. त्या 'पण'वरून दोन राज्यं घसरत गेली, चिखलात पाय घसरावा तशी, आणि प्रत्येक जण म्हणत राहिला की मला समोरच्याने ढकललं. हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं. एका नारळापायी.

मग हिरडगडच्या राजाची माणसं खैरवाटेत येऊ लागली. जखमा बांधायला ठेवलेलं कापड त्यांनी निशाणांसाठी नेलं. रानातून मुळ्या आणणारे गडी शिपाई म्हणून नेले. देवळाच्या घंटा नेल्या. शेवटी तोफ ओतायला तांबं कमी पडलं, तेव्हा राजा स्वतः अक्काच्या अंगणात आला.

"अक्का, काहील द्यावी लागेल," तो म्हणाला. "लढाई संपली की अशा दोन घडवून देऊ."

"सरकार, लढाई संपस्तोवर ताप दम धरंल व्हय?" अक्का म्हणाली. "भादवा तोंडावर आलाय. तुमच्या थोरल्या लेकाला याच काहिलीतली वाटी पाजली हुती म्या. तवा तुमीच हात जोडून हितं उभं हुता."

"ते आम्ही विसरलो नाही," राजा म्हणाला. "आम्हाला लढाई नकोच आहे, पण..."

अक्का काहिलीला मिठी मारून बसली. शिपायांनी तिला बाजूला केलं. काहील बैलगाडीतून निघाली तेव्हा गावातल्या एकाही बाप्याने तोंड उघडलं नाही, आणि हे आपल्याच गावाबद्दल सांगताना मला लाज वाटते.

भादवा लागला आणि ताप आला. तोफ उताराच्या वरच्या अंगाला, पलीकडे तोंड करून उभी होती. काढा मात्र अक्काच्या गाडग्यात होईल तेवढाच. एवढं मोठं गाव आणि एक गाडगं. तोफेने एकही माणूस मारायच्या आधी तापाने घरं रिकामी केली.

एका सकाळी पलीकडच्या काठावर अक्काचा जावई येऊन उभा राहिला आणि ओरडला, "आत्याबाई, गौराला ताप चढलाय."

"कधीपासनं?" अक्काने ओरडून विचारलं.

"परवापासनं. डोळं उघडीना."

अक्काने गाडगं चुलीवर ठेवलं, काढा केला आणि पदराने धरून उतारावर गेली. चौकीवाल्यांनी भाले आडवे धरले. पलीकडे जायची बंदी आहे, हुकूम आहे, असं ते म्हणाले. त्यातल्या निम्म्यांना लहानपणी तिनेच काढा पाजला होता. ती दिवसभर तिथे उभी राहिली. गाडगं तिच्या हातात गार झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जावई पुन्हा आला. डोक्यावरचं मुंडासं काढून नुसता उभा राहिला.

अक्का रडली नाही. ती चढ चढून तोफेपाशी गेली, तोफेच्या तोंडाला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "ही माझी काहील हाय. हिच्यातनं काय बाहेर पडायचं ते म्या ठरवीन."

त्याच दिवशी राजाने तोफ डागायचा हुकूम दिला. "म्हातारीला उठवा, नाही उठली तर तशीच डागा," असं तो म्हणाला. हो, असंच म्हणाला. सटवा नावाच्या गोलंदाजाने बत्ती लावली, ती विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. कुणी सांगतात, दारू ओली होती. कुणी सांगतात, सटव्याचाच हात धजला नाही. पण तिसऱ्यांदा बत्ती लागली तेव्हा तोफ गरम झाली, आतून खदखद ऐकू आली, आणि तिच्या तोंडातून काळाकडू काढा वाहू लागला, असं म्हणतात. अक्काच्या खांद्यावरून, लुगड्यावरून तो उतारावर आला आणि नदीला मिळाला. सगळ्या खोऱ्यात चिराईताचा वास भरला. दोन्ही फौजा तापाने फणफणलेल्याच होत्या. शिपायांनी भाले टाकले आणि दोन्ही काठांवरून ते पाण्यात उतरून ओंजळीने पिऊ लागले. कोण कुठला ते त्या पाण्यात कुणाला ओळखता येईना. राजे काठावरून ओरडत राहिले, आणि ऐकायला कुणी उरलं नाही.

पुढे राजांनी तह केला आणि तो दगडावर कोरून घेतला. त्यात दोघांच्या शहाणपणाची तारीफ आहे. अक्काचं नाव नाही, आणि गौराचं तर नाहीच.

अक्काने मात्र दोन्ही काठांवरच्या गावांकडून खड्डा खणून घेतला आणि ती तोफ आभाळाकडे तोंड करून उभी पुरली. आत दगड भरले आणि वर हातभर पोकळी ठेवली. त्या पोकळीत मुसळाने ती काढ्याचा पाला कुटायची. मरेपर्यंत कुटत होती.

ती तोफ आजही उताराच्या वर आहे. जाऊन बघा, तिच्या तोंडाचा काठ घासून पातळ झालाय. जत्रेत आता मानाचा नारळ नसतो. दोन्ही काठांवर त्या वर्षी जो सगळ्यात आजारी असेल, त्याला खाटेवर घालून आणतात आणि मुसळाला पहिला हात त्याचा लावतात. दुसरा घाव गौराच्या नावाने घालतात, काढा वेळेवर न पोचलेल्या सगळ्यांसाठी. मग दोन्ही काठांवरच्या बाया पाळीपाळीने कुटतात.

जत्रेत कधी कुणी मोठा माणूस येतो आणि भाषणाला उभा राहतो. त्याला कुणी अडवत नाही. पण त्याने 'आम्हाला लढाई नकोच आहे' एवढं म्हटलं की बाया एकमेकींकडे बघतात आणि मुसळं उचलतात. तोफेच्या पोटातून असा दणका निघतो की त्याचं पुढचं वाक्य खैरवाटेत आजवर कुणी ऐकलेलं नाही.