गोजराक्काचं अर्धं आधण

वाकडी नदीवर पूल नव्हता आणि ऊस बैलांच्या चरकात पिळला जायचा, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षांपूर्वीची. नदीचं नाव वाकडी आणि चालही वाकडीच, सरळ जाईल तर शपथ. एका ठिकाणी ती अशी वळते, की कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या बाईचा कोपर दिसावा. त्या कोपरात पाचरवाडी बसली आहे, तीन अंगांनी पाणी घेऊन. आणि पल्याडच्या उंच काठावर गावाचं एकुलतं गुऱ्हाळ होतं.

त्या गुऱ्हाळावर गूळ करायची गोजरा. खरं तर गुळव्या म्हणजे बाप्या माणूस. पण गोजराचा नवरा गेला, आणि दुसरा जो गुळव्या आणला त्यानं पहिल्याच दिवशी गूळ करपवला. तेव्हा गोजरा पदर खोचून काहिलीपाशी उभी राहिली ती राहिलीच. काहील म्हणजे लोखंडाची थोरली कढई, सहा माणसं आत मांडी घालून बसतील एवढी. रस उकळायला लागला की गोजरा नुसता कान द्यायची आणि सांगायची, "अजून कच्चा हाय." मग, "आता आला. उतरा." असं म्हणतात, रस तिच्याशी बोलायचा.

एका वेळी काहिलीत शिजतं ते एक आधण. गोजराक्काचा नेम असा, की चढलेलं आधण अर्धं सोडायचं नाही. लोक थट्टा करायचे, "यम आला तरी आक्का त्याला पिळल्या उसाच्या चिपाडावर बसवंल आणि म्हणंल, जरा दम धर, आधण उतरू दे."

आणि यम एकदा आला. तिच्यासाठी नाही, तिच्या धाकट्या दिरासाठी आला. त्याला बांधावर साप चावला. त्यावरची मुळी गावात एकट्या गोजराला ठाऊक. दिराची बायको हौसा नदीतून धावत गुऱ्हाळावर आली आणि म्हणाली, "आक्का, चला." गोजराचं सगळं ध्यान काहिलीत. ती मान वर न करता म्हणाली, "आलेच. एवढं आधण उतरू दे."

आधण उतरलं. गूळ सोन्यासारखा पडला. ती घरी पोचली तेव्हा दीर गार झाला होता.

त्या दिवसापासून हौसानं गूळ तोंडात घेतला नाही आणि थोरल्या जावेशी शब्द बोलली नाही. एका उंबऱ्यात राहून बारा वर्षं. सांगायचंच झालं तर मधे कुणाला तरी धरायची. कुणी नसलं तर म्हशीला सांगायची, "म्हशी, त्यांना सांग बाई, मीठ संपलंय." गोजराही म्हशीलाच म्हणायची, "आणते म्हणावं." उकळत्या रसाचं बोलणं जिला कळायचं, तिला हौसाचं न बोलणं कळत नव्हतं थोडंच? ते तिच्या पोटात बारा वर्षं शिजत होतं. हे एकच आधण तिला उतरवता येईना.

मग तो चैत्र आला. हंगाम सरत आला होता, गुऱ्हाळावर शेवटचं आधण चढलं होतं. निम्मं गाव डोंगरावरच्या देवीच्या जत्रेला गेलेलं. मागे राहिली होती म्हातारी माणसं, दोन ओल्या बाळंतिणी, लहानसहान पोरं आणि हौसा. नदीत घोटाभर पाणी, बगळ्याचे पाय भिजतील एवढंच.

दुपार कलली आणि वरच्या अंगाला ढग उभा राहिला, तव्यासारखा काळा. विजा अशा लवायला लागल्या की जणू आभाळाच्या चुलवाणात कुणी चिपाडं सारतंय. वळीव म्हणजे घटकाभर नाचून जाणारा पाऊस. पण हा बसला, वरच्या डोंगरात मांडी ठोकून बसला. आणि मग नदीच्या वळणावरून पाण्याची एक तांबडी भिंत आली. येताना तिला गडबड नव्हती म्हणतात, पाहुणी यावी तशी आली, पण कुठल्या उंबऱ्याशी थांबलीच नाही. गावाच्या मागची पाणंद बुडाली, वाट बंद झाली. माणसं मारुतीच्या दगडी देवळाच्या छपरावर चढली. त्यांची हाक पाण्यावरून गुऱ्हाळापर्यंत आली.

"आक्काऽ!"

काहिलीत पाक धाग्यावर आला होता. आणखी चार उकळ्या, बस. जाळ घालणारा सटवा गोजराच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला ठाऊक होतं ती काय म्हणणार.

गोजरानं कान दिला. रस म्हणाला, "थांब, आता झालंच." असं म्हणतात, तेव्हा ती पहिल्यांदा रसाला उलटून बोलली. "बारा वर्सांमागं तुझं ऐकलं. आज न्हाई."

"सटवा, वासे घाल कड्यात. पालथी कर."

"आक्का, आधण अर्धं हाय."

"अर्धंच ऱ्हाऊ दे."

सटवासकट चौघा गड्यांनी काहील पालथी केली. हंगामाचा शेवटचा गूळ उतारावरून नदीत गेला. पावसात लोखंड चर्र वाजलं आणि बसण्याइतपत निवलं. गोजरानं ती पाण्यात लोटली, हातात रस ढवळायचं लांब फावडं घेतलं आणि आत बसली.

गोल भांडं. त्याला ना तोंड ना शेपूट. सटवा काठावरून ओरडला, "फिरतीया, आक्का!" ती म्हणाली, "फिरू दे." ती नदीशी भांडलीच नाही. आयुष्यभर रस ढवळला तसं तिनं पाणी ढवळलं, गोल, सावकाश, आणि काहील भिंगरीसारखी फिरत फिरत देवळाकडं गेली. मधे धारेत फेस उसळला, तेव्हा तिनं कनवटीची तेलाची कुपी काढली. उतू जाणाऱ्या रसावर टाकतात तसे चार थेंब टाकले. असं म्हणतात, नदी तेवढ्यापुरती खाली बसली.

एका खेपेला पाच माणसं. आधी बाळंतिणी, मग पोरं, मग म्हातारी. काहिलीचं लोखंड आतून कोमट होतं, इतक्या पावसातही ते निवेना. भिजलेली पोरं काहिलीच्या अंगाला टेकली आणि झोपी गेली. भोवती विजा पाण्यात उतरत होत्या, पण काहिलीभोवती गुळाचा वास होता आणि विजा त्या वासाला वळसा घालून जात होत्या.

दर खेपेला हौसा मागे सरायची. एका म्हातारीला म्हणाली, "सांगा त्यांना, आधी तुम्हाला न्यायला." गोजरा म्हातारीलाच म्हणाली, "नेते म्हणावं."

शेवटी छपरावर उरली एकटी हौसा, आणि तिच्या काखेत एक कोंबडी. पाणी छपराला लागलं होतं. ती काहिलीत उतरली, पाठ फिरवून बसली. आता मधे धरायला माणूस नव्हतं. ती कोंबडीला म्हणाली, "कोंबडे, बघ गं, आधण सोडून आल्यात."

गोजरा म्हणाली, "कोंबडे, सांग तिला, बारा वर्सं उशीर झाला."

काहील फिरत होती, आणि दोघी फिरत होत्या. काहिलीच्या कडेला पाकाचा एक ओघळ चिकटून वाळला होता. हौसानं तो नखानं खरवडला, बोटभर, आणि तोंडात घातला.

"कच्चा हाय, आक्का," ती म्हणाली. कोंबडीला नाही म्हणाली.

"व्हय," गोजरा म्हणाली. "कच्चाच राहिला."

काठ आला. सटवानं हौसाला वर ओढलं. हौसानं वळून हात पुढं केला, गोजरानंही केला. बोटाला बोट लागलं असं म्हणतात, तेवढ्यात धारेनं काहील ओढून घेतली. ती गोल गोल फिरत खालच्या अंगाला गेली. ढग फाटून मावळतीचं ऊन आलं होतं, त्यात ती पुनवेच्या चंद्रासारखी चमकली. गोजराक्का आत बसून पाणी ढवळत होती आणि कान देऊन काहीतरी ऐकत होती. मग वळण आलं.

पाणी उतरल्यावर काहील सात गावं खाली सापडली, वाळूत पालथी. उचलली तर खाली उसाचं बेट उगवलेलं. गोजराक्का सापडली नाही. पुढच्या हंगामात काहिलीपाशी उभी राहिली ती हौसा.

अजूनही पाचरवाडीला हंगामाचं शेवटचं आधण कुणी उतरवत नाही. पाक धाग्यावर आला की जाळ ओढून घेतात आणि अर्धा रस नदीला सोडतात. त्या दिवशी जावा-जावा एकमेकींच्या बोटाला तो कच्चा पाक लावून चाटवतात, मग वर्षभर भांडायला मोकळ्या.

आणि दुसरी एक रीत आहे, ती रोजची. त्या गावात हाकेला "आलेच, एवढं होऊ दे" असं कुणी म्हणत नाही. परगावचा माणूस पाचरवाडीच्या आळीतून जाताना नाक मुरडतो, इथल्या बायकांना भाकरी भाजता येत नाही वाटतं, म्हणतो. त्याला काय ठाऊक. पाचरवाडीत भाकरी करपल्याचा वास आला की समजावं, तवा तसाच टाकून कुणीतरी कुणाच्या तरी हाकेला गेलंय.