चांदीचं उखळ आणि टाकल्याचा धनी

एका राज्यात अन्नाला रंग असणं हा गुन्हा होता. राजा धवलसेनाच्या ताटात भात पडे तो मोगऱ्यासारखा, पोळी पडे ती चांदण्यासारखी, आणि साखर अशी की तिच्यावर बसायला माशीनंही पाय धुवावेत. तांबडं, करडं, काळं जे शेतात पिके ते गडीमाणसांनी खावं. पुढं गडीमाणसांनाही लाज वाटू लागली आणि सगळं राज्य पांढरं खाऊ लागलं.

हे घडलं कसं, ते ऐका. तीन वर्षांमागं मांत्रिक रजताक्ष दरबारी आला. त्याचे डोळे चांदीचे होते. वय तीनशे वर्षं, दिसायला पंचविशीचा. त्यानं राजापुढं चांदीचं उखळ ठेवलं.

"राजन्, ह्यात जे घालाल ते शुभ्र होऊन निघेल. कांडायला माणूस नको, मुसळ आपलं आपण चालेल."

"ह्याचं मोल काय?"

"मोल नको. तुम्ही जे टाकून द्याल, ते माझं."

दरबार खो खो हसला. कोंडा, तूस, सालं, देठ! घेऊन जा म्हणावं बापड्या! राजानं वचन दिलं नि त्याच्या हातावर पाणी सोडलं. हसणाऱ्यांत धोंडाबाईही होती, खोटं कशाला बोला.

ही धोंडाबाई वाड्यावरची कांडपीण. तीस वर्षं मुसळ चालवून तिचे दंड मल्लासारखे झाले होते. उखळ आल्यावर राज्याचं सगळं धान्य त्यातच कांडलं जाऊ लागलं नि तिच्या वाट्याला पाखडणं नि चाळणं एवढंच उरलं. पण तिचं आणखी एक नातं होतं. राणी बाळंतपणात गेली, तेव्हा राजकन्या हेमकलेला धोंडाबाईनं अंगावर पाजलं. मुलगी तिला धोंडाई म्हणे.

तर होता होता काय झालं? राज्याचे गाल फुगले नि पाय सुकले. लोहार घण उचलीना, बाया भरली घागर उतरवताना भिंत धरू लागल्या. आणि आठ वर्षांची हेमकला, जी वाड्याच्या साती पायऱ्या एका उडीत उतरे, ती एका सकाळी उठलीच नाही. पाय होते, पण पायांत कुणी नव्हतं.

राजवैद्यानं नाडी पाहिली नि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "महाराज, पाय गेले. आता ओहोटी काळजाकडं चालली आहे. पुनवेपर्यंत धीर धरावा."

पुनव तेरा दिवसांवर होती.

धोंडाबाई परसात जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. तिथल्या करवंदीच्या जाळीत सातभाई बसले होते. हे सात पक्षी, सदा एकत्र, सदा भांडत. ते माणसासारखं बोलत.

"रडते बघा!"

"इतकी दांडगी बाई नि रडते!"

"सांगू का हिला?"

"तू नको, मी सांगतो."

"तुला धड सांगता येतं का मेल्या?"

धोंडाबाईनं डोळे पुसले. "सातही माना एकदम पिरगळीन हं! काय ते एकानं सांगा."

थोरला पुढं आला. "बाई, तो टाकलेला कोंडा नाही. ती राज्याची ताकद आहे. मांत्रिक ती पाटीत भरून नेतो नि स्वतः खातो, म्हणून तो तरणा आहे. आम्हालाही दाणा उरत नाही, म्हणून सांगतो. त्या उखळानं न पाहिलेली दोन अन्नं आण. काळ्या डोंगरावरची नाचणी, तीन मापं. देवबनातला शेवग्याचा पाला, ओचाभर. तिसरं काम घरातच आहे. तीन दिवस हे मुलीनं आपल्या मनानं खावं, आणि त्यातला कणही कुणी टाकू नये. घरात टाकलेलं काही नसेल, तर मांत्रिकाचं काही नसेल."

"एवढंच?"

साती भाऊ एकदम गप्प झाले. हे त्यांच्या जन्मात प्रथमच घडलं.

धोंडाबाई निघाली. तिच्याही पिंढऱ्यांत गोळे येत होते, पांढरं तीही खात होती ना! वाटेत भूक लागली तसा टाकळा खुडला, करटोली भाजली, उंबरं खाल्ली. तिसऱ्या दिवशी ती काळ्या डोंगराच्या पायथ्याशी पोचली नि तिच्या ध्यानात आलं की पिंढऱ्या दुखायच्या थांबल्या आहेत.

डोंगरावर नाचणीचं एकच शेत होतं आणि राखणीला राक्षस होता. ताडाएवढा उंच. पण तो गालाला फडकं बांधून बसला होता.

"कोण आहेस? खाईन तुला!"

"कशानं खाशील? दात कुठं आहेत?"

राक्षस ओशाळला. "मांत्रिक पगारात बत्तासे देतो. सगळे किडले. गदाही उचलत नाही आता."

"उठ. चूल पेटव."

तिनं नाचणीची आंबील केली, ताक नि मीठ घालून. राक्षस हंडाभर प्याला. दुसऱ्या दिवशी हंडाभर, तिसऱ्या दिवशी दोन हंडे. चौथ्या दिवशी त्यानं गदा उचलून पाहिली, ती उचलली गेली. तो एवढा आनंदला की डोंगर हलला.

"माते, काय हवं?"

"तीन मापं नाचणी. आणि ते बत्तासे दरीत फेक."

इथं चार दिवस गेले, पण ते द्यावेच लागणार होते. पुढं देवबनात शेवग्याचं झाड होतं नि त्याच्यावर घुबड पहाऱ्याला होतं. तिन्हीसांजेला धोंडाबाई झाडाखाली आली, तरी घुबडानं हूं की चूं केलं नाही. मग ते आपणच फांदीवर आपटलं.

"तुला दिसत नाही होय रे?"

"हळू बोला, कुणी ऐकेल," घुबड म्हणालं. "रात्रीचा पहारेकरी नि रातांधळा! मांत्रिक मैद्याच्या गोळ्या टाकतो. तेवढ्यावर आहे."

"अरे शहाण्या, ज्या झाडावर बसलास त्याचा पाला डोळ्याला औषध. आजवर कुणी सांगितलं नाही?"

"मला राखायला सांगितलं होतं. खायला नाही."

"तेच तर," धोंडाबाई म्हणाली. तिनं पाला तुपाच्या बोटाशी मळून त्याला भरवला आणि ओचा भरून घेतला. घुबडानं तिला अडवलं नाही. उद्या नाही तर परवा दिसेल, ह्या आशेवर ते पाला खात बसलं.

ती वाड्यावर परतली तेव्हा पुनवेला चार दिवस उरले होते.

आता ऐका, तीस वर्षांची सवय काय असते ती. धोंडाबाईनं आपल्या हातानं जात्यावर नाचणी दळली. उखळाकडं ढुंकून पाहिलं नाही. मग पीठ घेतलं, आणि हात आपोआप खुंटीकडं गेला. वस्त्रगाळ चाळण काढली, पीठ चाळलं, तांबूस कोंडा सुपात घेतला, नि राजघराची भाकरी व्हावी तशी मऊ गोरी भाकरी थापली. सूप उंबऱ्याबाहेर झाडलं. हे तिनं केलं नाही, तिच्या हातांनी केलं.

उखळातून चांदीचा लांबच लांब हात आला, कोंडा मुठीत घेऊन परत गेला. उखळ खुदकन हसलं.

"टाकलं! टाकलं!" सातभाई जाळीत किंचाळले. "चाळलं हिनं! वेडी गं वेडी!"

धोंडाबाईनं आपलेच दोन्ही हात भिंतीवर आपटले. एक दिवस गेला, एक माप गेलं. पुनवेला तीन दिवस उरले नि नाचणी दोनच मापं. तिनं चाळण पायाखाली घालून तिच्या चिंध्या केल्या. दोन मापांचे तीन भाग केले. पिठात शेवग्याचा पाला मळला, तीळ नि गूळ घातला, आणि काळीसावळी, हिरव्या ठिपक्यांची भाकरी चांदीच्या ताटात ठेवली.

हेमकलेनं तोंड फिरवलं. "धोंडाई, हे जळलंय."

"जळलेलं नाही, रंगच तसा आहे. खा."

"शी! मला ती साखरेची पोळी दे."

"खातेस का नाही, कार्टे!"

मुलगी हुंदके देऊन रडू लागली. ताट सरकलं, पालथं व्हायचं तेवढं राहिलं. राजा उशाशी बसला होता, तो उठला.

"धोंडाबाई! राजकन्येला कार्टी म्हणता?"

"माझं दूध प्याली आहे ती, महाराज. कार्टी म्हणीन नाहीतर माकडीण म्हणीन. पण तिचं काय चुकलं? ह्या वाड्यात तिनं कधी कुणाला रंगाचं अन्न खाताना पाहिलंय? आधी बापानं खावं."

राजानं जन्मात पांढऱ्यावाचून घास घेतला नव्हता. त्यानं मुलीच्या पायांकडं पाहिलं. ते पांघरुणाखाली मांडून ठेवल्यासारखे होते. तो मांडी घालून बसला, तुकडा मोडला, डोळे मिटून तोंडात घातला. चावला. थांबला. पुन्हा चावला. डोळे उघडून दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा, मोठा.

"ह्याला चव आहे," राजा म्हणाला. फार मोठी बातमी सांगावी तसा म्हणाला.

चौथ्या तुकड्याला हेमकलेचं रडं थांबलं. "बाबामहाराज, ती माझी आहे ना?"

"एवढा एक घेतो."

"सगळी संपवाल! द्या इकडं!"

धोंडाबाईनं ताट राजाच्या हातून ओढून घेतलं. "पुरे, महाराज. आणखी हवी तर नाचणी आणायला तुम्हालाच राक्षसाकडं पाठवते मग."

मुलीनं भाकरी खाल्ली. देठ उरले होते, त्यांचं सार केलं, ती ते प्याली. ताटातला चुरा धोंडाबाईनं बोटानं टिपून तिच्याच तोंडात दिला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी, पुनवेच्या दुपारी, शेवटचा घास संपतो न संपतो तोच दारात रजताक्ष उभा. खांद्यावर पाटी.

"माझा वाटा."

"नाही," धोंडाबाई म्हणाली.

"कोंडा?"

"पोटात."

"देठ?"

"पोटात."

मांत्रिक हसला, बोट दाखवून म्हणाला, "आणि तो?" हेमकलेच्या हनुवटीवर नाचणीचा एक कण चिकटला होता. तो सुटला, घरंगळला, पांघरुणाच्या काठाशी आला. मांत्रिकानं हात लांब केला.

हेमकलेनं तो कण चिमटीत धरला आणि खाल्ला.

"माझा आहे तो," ती म्हणाली.

उखळातलं मुसळ रिकाम्यातच आपटू लागलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा उखळ तळापासून काठापर्यंत उललं. तीनशे वर्षं मांत्रिकावर एकदम आली. केस गेले, गाल गेले, डोळ्यांतली चांदी गेली, आणि उभा राहिला तो नुसता तुसाचा पोकळ माणूस. फुंकर मारली असती तर उडाला असता. धोंडाबाईनं मारली. उडाला.

त्याच घटकेला मुलीच्या काळजाकडं चाललेली ओहोटी थांबली. राजवैद्यानं नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली, नि पागोटं डोक्यावर ठेवलं.

पण शाप तुटला म्हणून पाय लगेच धावत नाहीत. एका घासानं उठवतो म्हणणारा तो मांत्रिकच असायचा. काळ्या डोंगराचा राक्षस पोतीच्या पोती नाचणी घेऊन आला, राजानं ती घरोघर वाटली. दवंडी पिटवली की ह्यापुढं भात तांबडा शिजेल, पीठ कोंड्यासकट मळलं जाईल, नि ज्याला लाज वाटेल त्यानं राजाच्या पंगतीला येऊन बसावं. कुळीथ आले, अंबाडी आली, आवळे आले, ताक आलं. लोहाराचा घण वाजू लागला. सातभाई परसात दाणे टिपू लागले आणि पूर्वीसारखे भांडू लागले.

आठव्या दिवशी हेमकलेचा अंगठा हलला. विसाव्या दिवशी ती भिंत धरून उभी राहिली. त्रेचाळिसाव्या दिवशी धोंडाबाई अंगणात तीळ निवडत होती, तर वरून आवाज आला, "धोंडाई, बाजूला हो!" नि मुलगी वाड्याच्या साती पायऱ्या उडी मारून खाली आली. पडली. गुडघा फुटला. रक्त आलं, लालभडक, भरपूर.

"धड दिसत नाही का कार्टे!" धोंडाबाई ओरडली. मग ती तिथंच तिळांत बसली आणि तो फुटका गुडघा छातीशी धरून कितीतरी वेळ हसत राहिली.

त्या राज्याचं भलं झालं. ऐकणाऱ्यांनी आता उठावं, हात धुवावेत, आणि ताटात जे वाढलंय ते सालासकट खावं.