गळ्यातला माईक

केतकी तांबटला कमी ऐकू येई, तरी नववीत पहिली तीच आली. बाईंच्या गळ्यातल्या छोट्या माईकमधून आवाज थेट तिच्या कानातल्या यंत्रात पोहोचायचा, बाई भिंतीआड गेल्या तरीसुद्धा.

बक्षीस समारंभाला संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब गुळवे आले. बाईंनी त्यांच्या गळ्यात घातलेला तोच माईक पदकासारखा मिरवत त्यांनी तासभर भाषण ठोकलं आणि तसेच मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाला गेले. परतल्यावर मंचावरून गरजले, "बहिरी मुलगी पहिली येतेच कशी? सांग गं, मी काय बोललो?"

केतकी अदबीनं उठली. "साहेब, भाषणातलं सांगू, की चहा पिताना 'हिचं बक्षीस माझ्या पुतण्याला द्या' म्हणालात, ते?"

बापूसाहेबांनी गळा चाचपला. भांग पाडून मंचाशी उभा असलेला पुतण्या गुपचूप मागच्या रांगेत जाऊन बसला.