आबासाहेबांची कॅराव्हॅन

धुक्यातला घाट. पुढे आबासाहेबांची दांडगी गाडी, मागे जोडलेली ढगासारखी पांढरी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच. गाडीच्या लयीत आबासाहेबांशेजारी बसलेल्या यमुनाबाईंना स्वप्न पडू लागलं होतं, तोच उतारावर कॅराव्हॅनने मागून असा हिसका दिला की त्या दचकून जाग्या झाल्या.

“अहो, मिक्सरची चटणी चालत नाही म्हणून आणलेला तुमचा पाटा-वरवंटा कॅराव्हॅनच्या पार शेपटाला ठेवलाय, त्या वजनानेच ती हिसके देतेय. तो पुढे, चाकांच्या वर घ्या. आणि सावकाश चला.”

“मला शिकवू नकोस! ही गाडी डोंगर ओढेल. मागे पेल्यातलं पाणीसुद्धा हिंदकळणार नाही.”

“मग तुम्ही मागे जाऊन निवांत पडा,” बाई गोड हसल्या. “मी चालवते, अगदी तुमच्याच वेगाने.”

आबासाहेबांनी गाडी थांबवली, कॅराव्हॅनकडे क्षणभर पाहिलं आणि आत जाऊन पाटा पुढे ढकलला.

उरलेला घाट ते इतक्या हळू उतरले, की यमुनाबाईंचं अर्धं राहिलेलं स्वप्न पुरं झालं.