खारीची खारी बुडाली

एका शहरात एक गल्ली होती. खाऊगल्ली.

इकडे बेकरी. तिकडे मिसळ. पलीकडे चहा. कोपऱ्यावर केटरर. आणि सगळ्यांच्या मधोमध एक म्हैस. म्हैस कशाला? अहो, तिला हलवणार कोण!

लांबलांबून लोक यायचे. विचारायचे, "इथे चांगलं काय मिळतं हो?"

गल्ली म्हणायची, "सगळंच!"

गल्लीत होतं चिंचेचं झाड. झाडात होती ढोली. ढोलीत होत्या दोन खारी. खायच्या नाही हं! झाडावरच्या. शेपटीवाल्या.

थोरलीचं नाव झुपकी. धाकटीचं नाव इटुकली.

आणि त्यांच्याकडे होती एक खारी. ही मात्र खायची. बेकरीतली. कुरकुरीत.

इटुकलीला दात आला होता. पहिलावहिला. एकच. नवा कोरा! ती सगळ्यांना दात दाखवायची. कावळ्याला दाखवला. मुंगीला दाखवला. चिंचेलासुद्धा दाखवला.

"ताई, मला खारी चावायची!" इटुकली म्हणाली.

"थांब हं," झुपकी म्हणाली. "दात नवा आहे. खारी मऊ करून आणते."

झाडाखाली कट्टा होता. कट्ट्यावर कप होता. कपात अर्धा चहा होता. कुणीतरी ठेवून गेलं होतं.

झुपकी खाली आली. सुर्र सुर्र सुर्र! तिनं खारी चहात धरली. एक बुडी. दोन बुड्या. तीन बु...

डुबुक!

खारी तुटली. खारी बुडाली. गेली तळाला.

"ताई, खारी?" वरून इटुकली म्हणाली.

झुपकी काय सांगणार? कपाळ! वर इटुकलीनं भोकाड पसरलं. "आँऽऽऽ!"

"रडू नको गं. आत्ता दुसरी आणते!"

झुपकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र!

बेकरीत होते निजामचाचा. पांढरी दाढी. दाढीत पांढरा मैदा. दाढी कुठली, मैदा कुठला, कळायचंच नाही.

झुपकी म्हणाली,

"खारी बुडाली कपात,
इटुकली रडते झाडात.
चाचा, चाचा, खारी द्या!"

चाचा म्हणाले, "भट्टी गार आहे. खारी कुठून देऊ?"

"मग पेटवा ना भट्टी!"

"उपाशीपोटी? छे छे! आधी मिसळ. मग भट्टी. जा, मिसळ आण."

झुपकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र!

मिसळीच्या दुकानात होती शेवंतामावशी. हातात मोठी पळी. नाकात मोठी नथ. आणि आवाज? त्याहून मोठा.

झुपकी म्हणाली,

"खारी बुडाली कपात,
इटुकली रडते झाडात.
चाचा म्हणे मिसळ आण.
मावशी, मावशी, मिसळ द्या!"

मावशी म्हणाली, "उसळ आहे. कट आहे. कांदा आहे. शेव नाही!"

"चालेल की, बिनशेवेची द्या."

"बिनशेवेची मिसळ? काय बोलतेस तू! लोक मला हसतील. जा, शेव आण."

झुपकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र!

कोपऱ्यावर होते केरबामामा केटरर. ते लग्नाचा स्वयंपाक करायचे. त्यांची कढई एवढी मोठी, एवढी मोठी, की मामा त्यातच झोपायचे. आत्ताही झोपले होते. घुर्रर्र... फुस्स. घुर्रर्र... फुस्स.

झुपकी कढईच्या काठावर चढली. म्हणाली,

"खारी बुडाली कपात,
इटुकली रडते झाडात.
चाचा म्हणे मिसळ आण.
मावशी म्हणे शेव आण.
मामा, मामा, शेव द्या!"

मामांनी एक डोळा उघडला. "शेव पाडायची म्हणजे कढई लागणार. कढई लागणार म्हणजे मला उठावं लागणार."

"मग उठा ना!"

"चहाशिवाय? भलतंच काहीतरी! जा, चहा आण."

आणि मामांनी डोळा मिटला. घुर्रर्र... फुस्स.

झुपकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र!

चहाच्या गाडीवर होते यल्लप्पाअण्णा. स्टोव्ह तयार. पाणी तयार. आलं कुटून तयार. आणि अण्णा बसले होते गालावर हात ठेवून.

झुपकी म्हणाली,

"खारी बुडाली कपात,
इटुकली रडते झाडात.
चाचा म्हणे मिसळ आण.
मावशी म्हणे शेव आण.
मामा म्हणे चहा आण.
अण्णा, अण्णा, चहा द्या!"

अण्णा म्हणाले, "दूध संपलं गं बाळ. शेवटचा कप मघाशीच गेला. जा, दूध आण."

झुपकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र!

मधोमध बसली होती म्हैस. तिचं नाव गजराबाई. एवढी काळी, एवढी जाड, आणि नाव काय? गजरा! ती बसली की बसली. स्कूटर यायची, वळून जायची. वरात यायची, वळून जायची.

झुपकी तिच्या शिंगावर चढली. म्हणाली,

"खारी बुडाली कपात,
इटुकली रडते झाडात.
चाचा म्हणे मिसळ आण.
मावशी म्हणे शेव आण.
मामा म्हणे चहा आण.
अण्णा म्हणे दूध आण.
गजराबाई, गजराबाई, दूध द्या!"

गजराबाईनं कान हलवला. फटॅक! रवंथ केला. चॅव चॅव चॅव. मग म्हणाली, "हंऽऽबा! बेकरीचा पाव खाल्ल्याशिवाय मी दूध देत नाही. गवत खाऊन कंटाळा आला. जा, पाव आण."

"बेकरीचा?"

"बेकरीचाच."

झुपकी निघाली. सुर्र सुर्र... सुर्र. आता पाय दुखायला लागले होते. झाडातून आवाज येत होता. "ताईऽऽ, खारीऽऽ!"

बेकरीत निजामचाचा तसेच बसले होते. झुपकी म्हणाली,

"खारी बुडाली कपात,
इटुकली रडते झाडात.
चाचा म्हणे मिसळ आण.
मावशी म्हणे शेव आण.
मामा म्हणे चहा आण.
अण्णा म्हणे दूध आण.
म्हैस म्हणे पाव आण.
चाचा, चाचा, पाव द्या! शिळासुद्धा चालेल!"

चाचा ताडकन उभे राहिले. "शिळा? माझ्या बेकरीत शिळं उरत नाही! रोजचं रोज फस्त! ताजा पाव हवा तर भट्टी पेटायला हवी."

"मग पेटवा ना!"

"पेटवतो की. आधी मिसळ आण."

झुपकीनं डोक्याला हात लावला. तिनं सगळं परत सांगितलं. कपापासून म्हशीपर्यंत.

चाचांना आला राग. "कोण हा चाचा? एवढ्याशा पोरीला मिसळीसाठी पळवतो? लाज नाही वाटत? नाव सांग त्याचं!"

"तुम्हीच," झुपकी म्हणाली.

"मीच?"

"हो."

चाचांनी दाढी खाजवली. भुरुभुरु मैदा पडला. "असं होय. बरं, मग मिसळ आण," म्हणाले, आणि आत जाऊन बसले.

झालं! आता कुठे जायचं?

झुपकी बेकरीच्या पायरीवर बसली. तिला रडू आलं. मोठ्ठं रडू. रडता रडता उचकी लागली.

"माझी खारी बुडाली!" असं तिला म्हणायचं होतं. पण मधेच आली उचकी. उचकीनं काय केलं? खारीची वेलांटीच गिळली!

"खार... हिक्... बुडाली! खार... हिक्... बुडालीऽऽ!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं.

शेवंतामावशी ओरडली, "अगं बाई! खार बुडाली? आत्ता तर इथे होती!" ती धावली. हातात पळी. टपटप टपटप!

केरबामामा कढईतून उठले. चहा न पिता उठले! ते धावले. हातात झारा. धपधप धपधप!

यल्लप्पाअण्णा धावले. हातात गाळणं. पटपट पटपट!

निजामचाचा धावले. हातात भट्टीची लांब फळी. खटखट खटखट!

आणि गजराबाई उठली! ती कधी उठत नव्हती, ती उठली. धाड धाड धाड धाड! दुकानांच्या पाट्या हलल्या.

सगळे झुपकीच्या बाजूनंच धावत गेले. झुपकीनं डोळे पुसले. "काय झालं? काय झालं?"

"खार बुडाली! खार बुडाली!"

"अरेरे!" झुपकी म्हणाली. आणि तीसुद्धा धावली. सुर्र सुर्र सुर्र!

सगळे कट्ट्यापाशी आले. कपाभोवती उभे राहिले. झुपकी बसली गजराबाईच्या डोक्यावर. तिलाही बघायचं होतं ना!

"कुठली खार हो?" झुपकीनं विचारलं.

"ती गं, झुपकेदार शेपटीची. एवढीशी," मावशी म्हणाली. तिनं पदर डोळ्यांना लावला. "मी तिला साधी मिसळ दिली नाही गं!"

"मी तिला शेव दिली नाही," मामा म्हणाले.

"मी चहा दिला नाही," अण्णा म्हणाले.

"मी दूध दिलं नाही. हंऽऽबा!" गजराबाई म्हणाली.

"सगळ्यात वाईट मी," चाचा म्हणाले. "मी तिला दोनदा परत पाठवलं."

"अरेरे, बिचारी!" झुपकी म्हणाली. आणि तीही हुंदके द्यायला लागली.

अण्णांनी कपात गाळणं घातलं. हळूच वर काढलं. गाळण्यात होतं काहीतरी तपकिरी. मऊमऊ. लिबलिबीत.

"शेपूट!" मामा किंचाळले. "तिची शेपूट!"

"आँऽऽऽ!" सगळे रडले.

तेवढ्यात झाडातून आवाज आला. इटुकलीचा.

"ताई! ए ताई! तू तर म्हशीवर बसलीयेस! मग बुडालं कोण?"

सगळ्यांनी वर बघितलं. मग म्हशीकडे बघितलं. मग म्हशीच्या डोक्यावर बघितलं.

"अय्या!" झुपकी म्हणाली. "म्हणजे मी? मी नाही बुडाले! माझी खारी बुडाली! खायची!"

मावशीनं तिला उचललं. छातीशी धरलं. "कार्टे, जीव घेतलास माझा!" म्हणाली, आणि पटापटा पापे घेतले. नथ टोचली, तरी झुपकी आणखी बिलगली.

मग सगळे हसले. हसता हसता चाचांची दाढी हलली, मैदा उडाला, सगळ्यांना शिंका आल्या. आक्छी! आक्छी! आक्छी!

आणि तिकडे काय झालं?

चपचप. चपचप. सुर्रर्रप!

गजराबाईनं गाळणं चाटलं. खारी गट्टम. कप चाटला. चहा गट्टम.

"हे काय गं!" झुपकी ओरडली. "आता बुडालेलीसुद्धा गेली!" तिचे डोळे परत भरले.

पण गजराबाई जीभ चाटत होती. शेपूट हलवत होती.

"हंऽऽबा! पावाहून भारी, चहातली खारी! पाव नको मला. दूध घ्या!"

घ्या म्हणाली! धावा!

म्हशीनं दिलं दूध. चुळ्ळ चुळ्ळ.
अण्णांनी केला चहा. खदखद खदखद.
मामा चहा प्यायले. भुर्रर्र भुर्रर्र.
मामांनी पाडली शेव. चर्रर्र चर्रर्र.
मावशीनं केली मिसळ. फसफस फसफस.
चाचांनी खाल्ली मिसळ. हा हू! हा हू!

"पाव कुठाय?" चाचांनी विचारलं.

"बेकरी तुमची, विचारता मला!" मावशी म्हणाली.

चाचा गुपचूप ताटली तोंडाला लावून मिसळ प्यायले. नाक लाल. कान लाल. दाढीसुद्धा लाल! मग उठले आणि भट्टी पेटवली. धडधड धडधड!

आणि भट्टीतून आली... कोण?

खारी! गरमगरम. खरपूस. पदर सुटलेली.

"ही घे," चाचा म्हणाले. "सगळ्यात पहिली तुझी."

झुपकी झाडाकडे धावली. सुर्र सुर्र सुर्र! इटुकली खाली आली. एकच दात, तोही बाहेर काढून आली. अण्णांनी कपभर चहा ठेवला.

झुपकीनं खारी चहात धरली. सगळे भोवती उभे. म्हशीनं कान हलवायचाही बंद केला.

एक बुडी.

दोन बुड्या.

तीन बु...

"काढ!" गल्ली ओरडली. "काढ, काढ, काढ!"

झुपकीनं काढली. अख्खीच्या अख्खी! खाली मऊमऊ, वर कुरकुरीत. एक थेंब लोंबत होता. टप्प! पडला.

इटुकलीनं दात लावला. नवा कोरा. एकुलता एक.

कुर्रुम!

"ताई," इटुकली म्हणाली, "चावला! माझा दात चावला!"

झुपकीनं उरलेली अर्धी खाल्ली. तिला किती भूक लागली होती, कुणी विचारलंच नव्हतं. मग चाचांनी अजून दोन दिल्या. न मागता.

त्या दिवसापासून लोक अजूनच लांबून यायला लागले. विचारतात, "इथे चांगलं काय मिळतं हो?"

सगळी गल्ली एका आवाजात सांगते, "बुडालेली खारी!"

आणि गजराबाई म्हणते, "आधी मी. हंऽऽबा!"

खारीची खारी, खारीच्या पोटात.
आपली गोष्ट शिरली पांघरुणात.