लिंबाजीचे डोळे कोरडे झाले

एका गावात एक भोळा लिंबाजी होता. गावाला तो एकटाच पुरत होता, दुसऱ्या भोळ्याची कधी गरज पडली नाही.

अंगानं दणकट, कामाला वाघ, फक्त रडका. मडकं फुटलं की रडायचा. कोंबडी खुडूक बसली तरी रडायचा, बिचारीला कसलं दुःख झालं असेल म्हणून. शेजारच्या गावच्या धोंडिबांची बायजा त्याला सांगून आली होती. धोंडिबा घर बघायला आले, चहा पिताना त्यांच्या हातून बशी पडली आणि लिंबाजीनं हंबरडा फोडला.

धोंडिबा उठले. "घर चांगलं हाय, पोरगाबी चांगला हाय," ते म्हणाले. "पन रडका जावई मला नको. सुगीपातुर डोळं कोरडं झालं तर कळवा."

लिंबाजीची आई येसाबाई कंबरेत वाकलेली. चुलीपुढून उठताना तिला भिंत धरावी लागायची. घरात सून यावी, एवढी एकच आस तिला उरली होती.

"घाटावरच्या बुवांकडं जा," ती म्हणाली. "ते सांगतील तसं कर."

हे दुसरं वाक्य तिनं बोलायला नको होतं.

बुवा नदीच्या घाटावर झोपडीत राहायचे. मागं पुरानं त्यांची झोपडी नेली, तेव्हा त्यांनी वर काठावर बसून हातातली भाकरी संपवली होती आणि पाणी उतरल्यावर दुसरी झोपडी बांधायला घेतली होती. गाव त्यांना मानायचं ते यासाठी. लिंबाजीनं सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता रडला.

बुवा म्हणाले, "माणूस वाईटाचा विचार टाळतो, म्हणून वाईट समोर आलं की कोसळतो. आपलं काय काय बिघडू शकतं, ते आधीच मनात आणून ठेवावं. मग धक्का बसत नाही."

लिंबाजीला हे फार पटलं. इतकी चांगली गोष्ट एकट्यानं कशाला ठेवायची, असंही वाटलं. दुसऱ्या दिवशी शेजारी बारसं होतं. बायका पाळणा म्हणत होत्या. लिंबाजी पाळण्याजवळ गेला.

"याला गोवर येईल," तो म्हणाला. "कांजिण्या येतील. दोरी जुनी हाय, तुटंल. यातून वाचला तर बायकोचं ऐकून आईला घराबाहेर काढंल."

बायकांनी त्याला घुगऱ्यांच्या डावानं मारलं. बाळाच्या आत्यानं जास्त मारलं.

"काय रे, मार खाऊन आलास?" येसाबाईनं विचारलं.

"व्हय. पन रडलो नाय."

येसाबाईनं त्याला परत बुवांकडं पाठवलं.

बुवा म्हणाले, "अरे, ते मनातल्या मनात ठेवायचं. असो. पाऊस, वारा, लोकांची तोंडं, हे काही आपल्या ताब्यात नाही. ताब्यात आहे ते आपलं मन. जे ताब्यात नाही, त्याच्यामागं धावू नये."

लिंबाजीला हेही पटलं. संध्याकाळी तो म्हैस घेऊन येत होता. म्हशीनं हिसडा दिला, दावं तुटलं आणि ती पाटलांच्या उसात शिरली. लिंबाजी बांधावर बसला. म्हैस ऊस खात होती, तो आपलं मन सांभाळत होता. पाटलांच्या गड्यानं म्हैस धरून कोंडवाड्यात घातली, तेव्हा लिंबाजीनं वाट सोडून बाजूला उभं राहून गड्याला रामराम केला.

घरी आला तो तुटकं दावं घेऊन.

"म्हैस कुठाय?"

"कोंडवाड्यात. पाटलांच्या गड्यानं धरून घातली. ती ताब्यात नव्हती, म्हणून मागं धावलो नाय."

"आन् गड्यानं धरली ती कशी ताब्यात आली?"

"तो धावला," लिंबाजी म्हणाला. "त्याला बुवा भेटलं नसतील. पन मी रडलो नाय."

येसाबाई तीच वाकडी कंबर घेऊन कोंडवाड्यावर गेली, गयावया करून म्हैस सोडवून आणली आणि लिंबाजीला पुन्हा घाटावर पिटाळलं. या खेपेला बुवांनी थोडा वेळ डोळे मिटून घेतले.

"म्हैस म्हणजे पाऊसवारा नव्हे, लिंबाजी. धावून वाचतं ते धावून वाचवावं. धावूनही गेलंच, तर कुढत बसू नये. बरंच झालं म्हणावं आणि पुढच्या कामाला लागावं."

त्याच आठवड्यात पाटलांचे वडील वारले. बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. ओटीवर माणसं बसली होती. लिंबाजी गेला, पाटलांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बरंच झालं. आता पुढच्या कामाला लागा."

आत सुना दचकल्या. हे आपल्या मनातलं बाहेर कुणी सांगितलं म्हणून त्या एकमेकींकडं बघत राहिल्या. पाटलांनी मात्र लिंबाजीला ओटीवरून खाली ढकललं. त्याचं कपाळ फुटलं. तो उठला, धूळ झटकली आणि पाटलांकडं बघून "बरंच झालं" म्हणाला.

ही गोष्ट धोंडिबांच्या कानावर गेली. बायकांचा मार खाल्ला, रडला नाही. म्हैस गेली, रडला नाही. कपाळ फुटलं, तरी नाही. धोंडिबा म्हणाले, "असा खंबीर जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाय." आणि लग्न ठरलं.

येसाबाई कितीतरी दिवसांनी हसली. लग्नाआधी तिनं लिंबाजीला बुवांच्या पाया पडायला पाठवलं.

बुवा म्हणाले, "आता एवढं एकच लक्षात ठेव. मेल्या घरी बरंच झालं म्हणायचं नसतं. कुणी रडत असेल तर त्याचं दुःख हलकं करावं. आणि आपल्याजवळ जे आहे, ते ठेव म्हणून आहे. ज्याची ठेव त्यानं मागितली, की हसत परत द्यावी."

लग्न धोंडिबांच्या दारी लागलं. सून घरात घ्यायची तयारी करायला येसाबाई घरीच थांबली होती. जेवणं उरकली, वऱ्हाडाच्या गाड्या पुढं निघाल्या. मागं राहिली नवरानवरीची गाडी. बायजा गाडीत बसली आणि तिनं गळा काढला. धोंडिबांनी, एवढ्या खंबीर माणसानं, गाडीचं चाक धरलं आणि तेही रडायला लागले.

"माझी बाय गं ती. माझं घर रितं झालं. कसा राहू मी तुझ्याबिगर?"

लिंबाजीनं त्यांच्याकडं नीट बघितलं.

"मामा, ही तुमची का?"

"माझीच रे बाबा. काळजाचा तुकडा माझा."

"आन् तुमाला ती हवी हाय?"

"नको कशी असंल?" असं म्हणून धोंडिबा आणखी मोठ्यानं रडले.

लिंबाजीनं बायजाला हात धरून खाली उतरवलं. तिचं गाठोडं तिच्याजवळ ठेवलं. शेल्याची गाठ सोडली. मग बुवांनी सांगितलं होतं तसा हसला आणि गाडीवानाला म्हणाला, "चल."

धोंडिबा रडायचे थांबले. बायजा थांबली. सगळा मांडवच थांबला. बुवांचा उपदेश किती गुणकारी आहे, हे लिंबाजीला त्या दिवशी खरं कळलं.

इकडं येसाबाई भिंत धरत धरत दारात येऊन उभी होती. हातात ओवाळणीचं ताट, उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप. लाडवांसाठी बोलावलेले बुवा ओट्यावर बसले होते. गाडी आली. लिंबाजी उतरला. येसाबाईनं गाडीत वाकून बघितलं.

"सून कुठाय रे?"

"परत दिली."

"परत?"

"मामांची ठेव होती. लई रडत व्हते, म्हणून दिली. हसत दिली," लिंबाजी म्हणाला. "आन् आई, मी रडलो नाय."

येसाबाई ताटासकट खाली बसली. बुवांनी खांबाला डोकं टेकलं. पुरात झोपडी गेली तेव्हा न रडलेले बुवा आता ढसाढसा रडायला लागले.

लिंबाजीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "उगी, बुवा," तो म्हणाला. "बरंच झालं."

मग भरलेलं माप वाया जाऊ नये म्हणून त्यानं ते उजव्या पायानं लवंडलं आणि तो एकटाच घरात गेला.