ज्याचं काम, त्याची हाक

एकदा एक व्यापारी रानाकाठच्या एका गावात पूल घेऊन आला. खांद्यावर नव्हे, बोलण्यात. पण तो इतके नेमके बोलत असे की ऐकणाऱ्याला खांब रोवलेले दिसू लागत.

त्या गावाच्या एका अंगाला तळे होते आणि दुसऱ्या अंगाला ओढा. तळे गावाचे होते. पूर्वजांनी माती वाहून त्याचा बांध घातला होता, आणि त्यातले मासे सारे गाव मिळून धरत असे व वाटून घेत असे. ओढा उन्हाळ्यात बकरीचे खूरही भिजवीत नसे. पावसाळ्यात मात्र तो दुथडी भरला की गाव तुटून पडे, कारण बाजार, सडक आणि दवाखाना ही तिन्ही पलीकडे होती. व्यापाऱ्याचे म्हणणे सरळ होते. तळे मला एका पिढीच्या बोलीवर द्या, मी पाऊस पडायच्या आत ओढ्यावर लोखंडी पूल टाकून देतो.

आता, दृष्टांतात व्यापारी आला की वाचक त्याला ताबडतोब लबाड ठरवून मोकळे होतात. हा लबाड नव्हता. दुसऱ्या एका गावाला त्याने असाच पूल बांधून दिला होता आणि तो अजून भक्कम उभा होता. समोरचा लबाड असता तर नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? हा शब्दाचा पक्का होता, म्हणून प्रश्न अवघड होता.

गावात एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना सगळे आजा म्हणत. तळ्यातल्या मासळीची वाटणी तेच पाहत, आणि त्यांच्या हाताखाली सुकरू नावाचा एक तरुण ती विद्या शिकत होता. वाटणी ही कसली विद्या, असे ज्याला वाटेल त्याने घरातल्या दोन भावांत एक आंबा वाटून पाहावा. सुकरू शिष्य म्हणून चांगला होता. हात स्वच्छ, नजर सरळ. फक्त गेल्या पावसाळ्यापासून तो बोलेनासा झाला होता.

गेल्या पावसाळ्यात त्याची बायको मैनी बाळंतपणात अडली. खाटेवर घालून तिला ओढ्यापर्यंत आणले आणि पाणी उतरण्याची वाट पाहत सगळे काठावर बसून राहिले. पाणी उतरले तोवर मूल गेले होते. मैनी वाचली, एवढेच. त्यानंतर सुकरूने त्या दिवसाविषयी चकार शब्द काढला नाही, आणि जखमेवरची खपली निघू नये म्हणून गावानेही तो विषय टाळला. आता मैनीला पुन्हा दिवस गेले होते. श्रावणात ती बाळंत होणार होती, आणि श्रावणात ओढा कसा असतो हे सुकरूला कुणी सांगायला नको होते.

त्यामुळे व्यापाऱ्याचे बोलणे ऐकून सुकरू थेट आजांकडे गेला आणि तळे देऊन टाका म्हणाला. आजा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ते इतकेच म्हणाले की मासे धरायचा दिवस जवळ आला आहे, त्या दिवशी शेटजींनाही बोलावू या. सुकरूला वाटले, म्हातारा चालढकल करतो आहे. दैव देतं आणि कर्म नेतं ते असं, असे तो घरी जाऊन मैनीजवळ पुटपुटला. तिलाही पूल हवा होता.

मासे धरायचा दिवस उजाडला. व्यापारी आला, बांधावर सावलीत बसला. तळ्याचे पाणी कमरेइतके उरले होते. जाळी असलेले जाळी घेऊन उतरले, ज्यांच्याकडे नव्हती ते पाणी ढवळून मासे हाकू लागले, म्हाताऱ्या बायका काठावरून चुका दाखवू लागल्या. दुपारपर्यंत सारी मासळी एका जागी आली. मग सुकरूने पळसाची पाने मांडली आणि त्यांवर एकसारखे ढीग लावायला घेतले.

त्या गावची वाटणी जाळ्यागणिक नसे, माणसागणिक असे. जो पाण्यात उतरला त्याचा एक ढीग, आणि जो तापाने घरात पडून होता त्याचाही एकच. आंधळ्या बुधीचा ढीग, माहेरपणाला आलेल्या लेकीचा ढीग, तान्ह्या मुलाचा ढीग. मैनीसमोर सुकरूने दोन ढीग लावले. पोटातल्याचा वाटा वेगळा काढायचा, ही तिथली जुनी रीत होती.

सगळे ढीग लागल्यावर आजा म्हणाले, अजून एक लाव. सुकरूने मनात पुन्हा मोजून पाहिले. कुणी राहिले नव्हते. तेव्हा आजांनी स्वतः उठून पान मांडले, सगळ्यांच्या ढिगांतून थोडे थोडे काढून त्यावर ढीग केला आणि तो व्यापाऱ्यासमोर ठेवला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. ज्याला तळे गिळायचे आहे त्यालाच मासे वाढायचे, हे कुणाच्याच पचनी पडेना.

व्यापारीही संकोचला. आपण तर पाण्याला पायही लावला नाही, असे तो म्हणाला.

"काठावर होतात ना," आजा म्हणाले. "आमच्यात काठावर असलेल्याचा वाटा निघतो. आता एक विचारतो, खरं सांगा. तळं तुमचं झाल्यावर आम्ही असेच काठावर येऊन उभे राहिलो, तर काय कराल?"

व्यापाऱ्याने खरोखरच विचार केला. उत्तर देण्याआधी त्याने ढिगाकडे एकदा पाहिले.

"राखणदार ठेवावा लागेल, आजा. नाहीतर माझं दिवाळं निघेल. पण जो कामाला येईल त्याला रोख मजुरी देईन. त्यात फसवाफसवी नाही."

आजांनी मान डोलावली. फसवाफसवी नाही हे त्यांना मान्यच होते. मग त्यांनी मैनीसमोरच्या दुसऱ्या ढिगाकडे बोट दाखवून तो कुणाचा आहे ते व्यापाऱ्याला सांगितले. व्यापारी आधी हसला, मग आजा हसत नाहीत हे पाहून गंभीर झाला.

"जो जन्मलाच नाही त्याच्याशी व्यवहार कसा करणार?" तो म्हणाला.

"आम्ही करतो," आजा म्हणाले. "म्हणून तळं देता येत नाही. त्याचे निम्मे मालक अजून यायचे आहेत. त्यांना विचारल्याशिवाय कसं द्यायचं?"

एवढ्यावर हा दृष्टांत संपला असता तर मलाही बरे वाटले असते. लोकांनी माना डोलावल्या होत्या, म्हाताऱ्याचे शहाणपण सिद्ध झाले होते. पण सुकरू उभा राहिला. त्याच्या हाताला खवले चिकटले होते.

"आजा, गेल्या साली पण मी तिच्यापुढं दोन ढीग लावले होते," तो म्हणाला. "त्याला वाटा होता. वाटा असून तो मेला. तुझं तळं राहिलं, माझं पोर गेलं."

मैनीने पदर तोंडाला लावला. शिष्याने गुरूला असे भर सभेत उलटून बोलावे की नाही, हा प्रश्न विद्वानांनी सोडवावा. त्या घटकेला सुकरूचे प्रत्येक अक्षर खरे होते आणि ते ऐकून आजांचा चेहरा उतरला.

"खरं आहे," ते म्हणाले. "वाट्यानं पोर जगत नाही. त्याला पूलच पाहिजे." मग त्यांनी विचारले, "सुकरू, तू पूल कुणाकुणाजवळ मागितलास?"

सुकरू म्हणाला, शेटजींजवळ. आणि तुझ्याजवळ.

"आणि यांच्याजवळ?" आजांनी बसलेल्या गावावरून हात फिरवला.

इथे त्या गावाची आणखी एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. कुणाचे छप्पर शाकारायचे असो, कुणाची नांगरट मागे पडलेली असो, सारे गाव जाऊन ते काम उरकून देई. मजुरी नाही. ज्याचे काम त्याने कामकऱ्यांना पोटभर जेवू घालायचे, एवढेच. मात्र हाक त्यानेच घालायची. न बोलावता कुणी कुणाच्या कामात हात घालत नसे, कारण तो त्या घराचा अपमान समजला जाई. रीत सुंदर आहे, यात शंका नाही. पण तिच्यात एक भोक होते. घराला धनी होता, शेताला धनी होता. ओढ्याला धनी नव्हता. मग ओढ्यासाठी हाक कुणी घालायची? कुणीच घातली नाही. पाणी चढे, पाणी उतरे, आणि गाव काठावर बसून राही. गाव करी ते राव न करी, असे आपण उठता बसता म्हणतो. पण आधी गावाला कुणीतरी सांगावे लागते, हे विसरतो.

सुकरूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. वाटणी करणाऱ्याने स्वतःचा हात पुढे करू नये, असे त्याने मनाशी धरले होते. दुःखसुद्धा तो एकट्याने गिळत राहिला. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, आणि हा तर मुका रडत होता.

त्याने हातावरचे खवले पुसले. मग आजांकडे न पाहता, व्यापाऱ्याकडे न पाहता, समोर बसलेल्या माणसांना म्हणाला, "ओढ्यावर माझं काम आहे. उद्या या."

सगळ्यात आधी आंधळी बुधी बोलली. ती म्हणाली, दोर मी वळीन.

दुसऱ्या दिवशी गाव ओढ्यावर होते. गावसभेने ठरवून दिलेली झाडे तोडली गेली, बैलांनी ओंडके ओढले, बायकांनी पाटीपाटीने दगड वाहिले. सारे गुण्यागोविंदाने झाले असे मी सांगणार नाही. खांब कुठे रोवायचे यावरून जोरदार भांडण झाले आणि एक गृहस्थ रुसून निघून गेले. जेवायच्या वेळी ते परत आले. मैनी जड पावलांनी पेज वाढत होती, तिला कुणी बस म्हटले तरी बसत नव्हती.

व्यापाऱ्याशी वैर धरायचे कारणच नव्हते. त्याच्याकडून लोखंडी तारा आणि खिळे घेतले, आणि त्या बदल्यात गावाने आपल्या वाट्यातून काढलेली सुकी मासळी त्याला दिली. भाव त्याने धंद्याचाच लावला, ते योग्यच होते. शिवाय त्याच्याबरोबरच्या कारागिराने मधला खांब तिरका बसतो आहे हे दाखवून दिले. निघताना व्यापारी आजांना म्हणाला की हा लाकडी पूल दरवर्षी डागडुजी मागेल, माझा मागितला नसता. आजांनी ते कबूल केले.

आषाढातल्या पहिल्याच पुराने कठडे नेले. पूल राहिला. लोखंडी पुलाचे कठडे गेले नसते, हेही प्रामाणिकपणे सांगून ठेवतो.

श्रावणात एका दुपारी मैनीला कळा सुरू झाल्या. ओढा लाल होऊन वाहत होता. चौघांनी खाट उचलली, दोघे कठड्यांच्या जागी दोर ताणून चालले आणि खाट पलीकडे गेली. पाठोपाठ सुकरू गेला. मैनीला मुलगी झाली.

काही दिवसांनी पाऊस जरा उघडला तेव्हा गुरुशिष्य ओढ्याकाठी बसले होते. मैनी त्या दिवशी दवाखान्यातून घरी यायची होती. सुकरूच्या मनात एक प्रश्न फार दिवस घोळत होता. तो आज त्याने विचारला.

"आजा, हाक घालायची हे तुला ठाऊक होतं. मग गेल्या साली का नाही सांगितलंस?"

शहाण्या माणसाला अशा वेळी एखादे गूढ उत्तर देता आले असते. आजांनी दिले नाही.

"ठाऊक नव्हतं रे," ते म्हणाले. "जन्मभर मी तळं आपलं, तळं आपलं म्हणत राहिलो. आपण बांधलं ना ते. ओढा देवाचा समजलो. देवाच्या वस्तूबद्दल माणूस तक्रार करतो, काम करत नाही. परका येऊन म्हणाला, ओढा मी सांभाळतो, तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की तोही आपलाच होता. आपण सांभाळायचा सोडला, म्हणून त्याला तळं मागायला वाव मिळाला."

सुकरू हळूच म्हणाला, "म्हणजे पहिल्या पोराला उशीर झाला."

"हो," आजा म्हणाले. "त्याला उशीर झाला. तो दोष माझ्या वाट्याला."

इतक्यात पलीकडच्या काठावर मैनी दिसली. फडक्यात गुंडाळलेली मुलगी तिने छातीशी धरली होती. पुलाच्या फळ्या ओल्या होत्या. ती पुलाच्या तोंडाशी थांबली आणि कुणीतरी धरायला या म्हणून तिने मोठ्याने हाक मारली. सुकरू धोतर सावरत उठला, पण तो पुलापाशी पोहोचेपर्यंत शेतातून धावत आलेली तीन माणसे फळ्यांवर चढलीसुद्धा होती.